गाजर, लोणी आणि नजरेची रसद



या मालिकेत आपण एरवी मोहिमा, किल्ले आणि सेनापती यांच्याविषयी बोलतो. आजचा विषय जेवणाच्या ताटातला आहे. पण त्याची सुरुवात युद्धातूनच करावी लागते. "गाजर खा, नजर चांगली होईल" हे आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी आईकडून, नाहीतर शाळेतल्या बाईंकडून ऐकलेलं आहे. माणूस बडोद्यात वाढलेला असो, इंदुरात असो की हुबळीत, हे वाक्य सगळीकडे सारखंच. त्यात थोडं शास्त्र आहे, थोडा युद्धकाळातला प्रचार आहे. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र त्यात नाहीच. ती कोणती, ते आज पाहू.

१९४० सालचं इंग्लंड डोळ्यांसमोर आणा. फ्रान्स पडलेला आहे. सप्टेंबरपासून जर्मन विमानं रात्री येऊन लंडनवर बॉम्ब टाकत आहेत. त्याआधी वर्षभर, म्हणजे १ सप्टेंबर १९३९ पासून, देशभर अंधारबंदी लागू आहे. रस्त्यावर दिवा नाही, खिडक्यांना काळे पडदे. ब्रिटिश हवाई दलाला दिवसा शत्रू दिसत होता, पण रात्री काळ्या आकाशात बॉम्बफेकी विमान शोधायचं कसं, हा मोठा प्रश्न होता. त्यावर उत्तर निघालं ते विमानातच बसवता येईल अशा लहान रडारचं. नोव्हेंबर १९४० मध्ये जॉन कनिंगहॅम नावाच्या वैमानिकाने ब्यूफायटर विमानातून या रडारच्या मदतीने रात्री शत्रूचं विमान पाडलं. पुढे त्याच्या नावावर अशी बरीच विमानं जमा झाली आणि वर्तमानपत्रांनी त्याला 'मांजरडोळ्या' हे टोपणनाव दिलं. त्याला स्वतःला ते नाव आवडायचं नाही. मागच्या बाजूला बसून रडारचा पडदा वाचणारा त्याचा साथीदार जिमी रॉन्सली याचं नाव मात्र फारसं कुणी घेत नसे. घेता येणारही नव्हतं, कारण रडार गुप्त ठेवायचं होतं.

मग लोकांना सांगायचं काय? की आपले वैमानिक गाजरं खातात, म्हणून त्यांना अंधारात दिसतं. ही गोष्ट लोकांना पटायला वेळ लागला नाही, कारण अंधारबंदीत प्रत्येक जण ठेचकाळत होता. अन्न खात्यालाही ती सोयीची होती. साखर रेशनवर होती, समुद्रातून येणाऱ्या मालाची जहाजं पाणबुड्या बुडवत होत्या, आणि गाजर मात्र इंग्लंडच्या मातीत भरपूर पिकत होतं. अन्न खात्याने 'डॉक्टर कॅरट' नावाचं हसरं चित्र छापलं आणि गाजराचे नाना पदार्थ लोकांना शिकवले. या गोष्टीने जर्मन फसले, असंही अनेकदा सांगितलं जातं. मला ते पटत नाही. जर्मनांकडे त्यांचं स्वतःचं चांगलं रडार होतं, ते गाजरावर कशाला विश्वास ठेवतील? फसले ते दोस्तांचेच लोक, आणि त्यांची नातवंडं, आणि आपण.

म्हणजे गाजराची गोष्ट खोटी का? तसंही नाही. ती नीट समजायची तर आणखी बरंच मागे जावं लागेल.

अंधार पडला की दिसेनासं होणं, यालाच आपण रातांधळेपणा म्हणतो. हा रोग माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सुश्रुतसंहितेत त्याला नक्तांध्य म्हटलं आहे आणि उपायांमध्ये प्राण्याचं यकृत, म्हणजे कलेजी, सांगितलेली आहे. इजिप्तमध्ये साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका पपायरसमध्ये डोळ्यांच्या एका विकारावर बैलाचं भाजलेलं यकृत सांगितलं आहे. तो विकार रातांधळेपणाच असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथांत मधाबरोबर कच्ची कलेजी येते. नाईलचा काठ, गंगेचं खोरं आणि ग्रीसची बेटं, तिन्हीकडच्या वैद्यांनी एकच वस्तू निवडली. का चालते ते कुणालाच माहीत नव्हतं, पण चालते हे पाहिलेलं होतं.

एकोणिसाव्या शतकात ही गोष्ट समुद्रावर दिसली. ऑस्ट्रियाच्या आरमाराचं 'नोव्हारा' हे जहाज १८५७ ते १८५९ अशी पृथ्वीप्रदक्षिणा करून आलं. वाटेत ते मद्रासलाही थांबलं होतं. महिनोन्महिने बिस्किटं आणि खारवलेलं मांस यांवर राहणाऱ्या खलाशांपैकी अनेकांना संध्याकाळ झाली की दिसेना. एडुआर्ड श्वार्झ नावाच्या जहाजावरच्या डॉक्टरने जुन्या ग्रंथांतला उपाय करून पाहिला. बैलाची शिजवलेली कलेजी दिली आणि माणसं बरी झाली. त्याने परत येऊन लिहिलं की हा रोग खाण्याच्या उणिवेतून होतो. त्या काळच्या बड्या डॉक्टरांनी ते मनावर घेतलं नाही. रोग म्हणजे बाहेरून शरीरात काहीतरी शिरतं, हा विचार तेव्हा जोर धरत होता. शरीरात काहीतरी *नसल्यामुळे* माणूस आजारी पडतो, ही कल्पनाच पचायला जड होती.

१९०४ मध्ये जपानमध्ये मोरी नावाच्या डॉक्टरने दीड हजारांच्या आसपास मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. डोळे कोरडे पडलेली ही मुलं साधारण दोन ते पाच वर्षांची होती. ती डोंगराळ भागातली होती, धान्य आणि कडधान्यं खाऊन वाढलेली. समुद्रकाठच्या कोळ्यांच्या मुलांत मात्र हा रोग नव्हता. मोरीने कॉड माशाच्या यकृताचं तेल दिलं, कोंबडीची कलेजी दिली, मुलं सुधारली. त्याला वाटलं, आहारात स्निग्ध पदार्थ कमी पडतो म्हणून हे होतं. तो सत्याच्या दारापर्यंत पोचला होता.

पण सगळ्यात बोलकी हकीकत आहे ती डेन्मार्कची.

डेन्मार्क म्हणजे दुधालोण्याचा देश. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथलं लोणी इंग्लंड-जर्मनीला जात होतं आणि चांगला भाव मिळवत होतं. देशातली गरीब माणसं मात्र मार्गारिन, म्हणजे स्वस्त तेला-चरबीचं नकली लोणी खात होती, आणि मुलांना साय काढलेलं दूध देत होती. कार्ल ब्लोख नावाच्या बालरोगतज्ज्ञाला कोपनहेगनच्या आसपास अशी लहान मुलं दिसू लागली की ज्यांचे डोळे कोरडे पडून बुबुळावरचा पारदर्शक पडदा गढूळ होत होता, काहींचा तर मऊ पडून फुटत होता. त्याने पाहिलं की ज्यांना सायीचं दूध मिळतं, त्या मुलांना हे होत नाही. कॉडचं तेल दिलं की सुरुवातीच्या अवस्थेतली मुलं बरी होतात.

मग पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी समुद्रमार्ग कोंडले. मार्गारिनसाठी लागणारा कच्चा माल येईना, लोणी बाहेर जाईना. डिसेंबर १९१७ मध्ये डेन्मार्क सरकारने लोण्याचं रेशनिंग केलं, म्हणजे प्रत्येकाला ठरावीक लोणी, परवडणाऱ्या दरात. आणि १९१८ मध्ये ब्लोखकडे येणारी अशी मुलं जवळजवळ दिसेनाशी झाली.

या घटनेवर क्षणभर थांबा. नवं औषध निघालं नव्हतं. डॉक्टर तेच होते, गाई त्याच होत्या, लोणीही तेच होतं. बदललं एवढंच, की ते लोणी आता गरिबाच्या घरी जाऊ लागलं. आयुष्याची तीन दशकं गणवेशात काढलेल्या माणसाला हे लगेच समजतं. आम्ही त्याला रसद म्हणतो. कोठारात दाणा आहे एवढ्याने सैन्य लढत नाही, तो खंदकातल्या शेवटच्या जवानापर्यंत जावा लागतो. डोळ्यांच्या बाबतीतही तेच. आजच्या बोलण्यातला मुख्य मुद्दा हाच आहे आणि पुढच्या प्रत्येक टप्प्यावर तो आपल्याला भेटणार आहे.

लोण्यात नेमकं आहे काय, हे १९१३ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात कळलं. एल्मर मॅक्कॉलम आणि मार्गरेट डेव्हिस उंदरांना वेगवेगळं खाद्य देऊन पाहत होते. डुकराची चरबी किंवा ऑलिव्ह तेल दिलेले उंदीर काही काळाने वाढायचे थांबत. लोणी किंवा अंड्याचा बलक दिला की पुन्हा वाढू लागत. म्हणजे सगळे स्निग्ध पदार्थ सारखे नव्हते. लोण्यात दुसरंच काहीतरी होतं. येल विद्यापीठातले ऑस्बोर्न आणि मेंडेल हेही त्याच वेळी त्याच निष्कर्षाला आले. १९२० मध्ये या पदार्थाला 'व्हिटॅमिन ए' हे नाव मिळालं. आपण त्याला अ जीवनसत्त्व म्हणतो.

गाजर कुठे आलं मग? गाजरात अ जीवनसत्त्व तयार स्वरूपात नसतंच. त्यात असतं कॅरोटीन, म्हणजे पिवळा-नारिंगी रंग. १९३० मध्ये केंब्रिजच्या थॉमस मूर यांनी दाखवून दिलं की शरीर कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व तयार करतं. म्हणून गाजराची गोष्ट अर्धी खरी.

आता डोळ्यात ते काय काम करतं, ते पाहू. नव्या जवानाला रात्रीच्या प्रशिक्षणात आधी शिकवतात ते हे की उजेडातून अंधारात आल्यावर लगेच चालायला लागू नकोस. डोळा अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो. आणि मध्येच कुणी काडी ओढली, की तो अर्धा तास वाया. दुसरं शिकवतात ते असं की अंधारातली वस्तू बघताना नजर थेट तिच्यावर रोखू नकोस, जराशी बाजूला ठेव. या दोन्ही गोष्टींचं कारण एकच आहे. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर दोन तऱ्हेच्या पेशी असतात. एक दिवसाच्या, रंग आणि बारकावे टिपणाऱ्या, त्या मधोमध दाट असतात. दुसऱ्या रात्रीच्या, अंधुक प्रकाशात काम करणाऱ्या, त्या मध्यापासून बाजूला असतात. या रात्रीच्या पेशींत एक जांभळट रंगद्रव्य असतं. उजेड पडला की ते विघटित होतं, अंधारात पुन्हा जुळून येतं. जुळायला वेळ लागतो, तोच तो अर्धा तास. १९३३ मध्ये जॉर्ज वॉल्ड या तरुण अमेरिकन संशोधकाला युरोपात काम करताना डोळ्याच्या पडद्यात अ जीवनसत्त्व सापडलं. पुढे त्याने दाखवलं की हे रंगद्रव्य अ जीवनसत्त्वापासूनच बनतं. १९६७ मध्ये त्याला त्यासाठी नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. दर वेळच्या मोडजोडीत थोडं जीवनसत्त्व खर्च होतं, ते रक्तातून भरून यावं लागतं. आलं नाही, की पहिली जाते ती रात्रीची नजर. तरीही लक्ष दिलं नाही, तर डोळा कोरडा पडतो, पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखे ठिपके दिसतात, आणि शेवटी बुबुळ मऊ पडून फुटतं. रातांधळेपणा दिवसांत बरा होतो. फुटलेलं बुबुळ मात्र कुठल्याही कलेजीने, कुठल्याही गाजराने परत येत नाही.

मग ज्याच्या शरीरात अ जीवनसत्त्व पुरेसं आहे, त्याने आणखी गाजरं खाल्ली तर त्याला रात्री जास्त दिसेल का? नाही. पाण्याची टाकी भरली की वरून ओतलेलं पाणी वाहून जातं. याचा पुरावाही त्याच युद्धातला आहे. १९४२ ते १९४४ या काळात शेफील्ड शहरात काही स्वयंसेवकांवर प्रयोग झाला. हे लोक शस्त्र घ्यायला विवेकाने नकार दिलेले होते, पण देशाच्या कामाला स्वतःचं शरीर द्यायला तयार होते. शस्त्र धरलेल्या माझ्यासारख्या माणसालाही त्यांच्याविषयी आदर वाटतो. त्यांच्यापैकी बहुतेकांना महिनोन्महिने अ जीवनसत्त्वाशिवाय जेवण दिलं. प्रयोगात हान्स क्रेब्स हे पुढे नोबेल मिळवणारे शास्त्रज्ञही होते. निष्कर्ष असा की आधी चांगलं खाल्लेल्या माणसाच्या यकृतात एवढा साठा असतो, की नजर बिघडायलाच फार काळ लागतो. फक्त मोजक्या लोकांच्या डोळ्यांवर परिणाम दिसला.

म्हणजे ब्रिटिश वैमानिकाला गाजराची गरजच नव्हती. मग युद्धकाळात ब्रिटनने डोळ्यांसाठी खरं काय केलं? त्याची जाहिरात झाली नाही, पण ते महत्त्वाचं होतं. १९४० मध्ये मार्गारिनमध्ये अ आणि ड जीवनसत्त्व घालणं सक्तीचं झालं. त्याच वर्षी गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांसाठी स्वस्त दुधाची योजना आली, आणि पुढे मुलांना कॉडचं तेल मिळू लागलं. म्हणजे लोण्याची उणीव गरिबाच्या भाकरीला लागणाऱ्या नकली लोण्यातच भरून काढली. आपल्याकडेही वनस्पती तुपात अ जीवनसत्त्व घालण्याचा नियम आला, तो याच विचारातून. पत्र्याच्या डब्यातलं ते तूप पुष्कळांना आठवत असेल.

आता आपल्या देशाकडे येऊ. इथे प्रश्न वैमानिकांचा नव्हता, मुलांचा होता.

मद्रासचं सरकारी नेत्र रुग्णालय १८१९ मध्ये सुरू झालेलं, जगातल्या जुन्या नेत्र रुग्णालयांपैकी एक. तिथे काम करणाऱ्या राइट नावाच्या डॉक्टरने १९२२ मध्ये दक्षिण भारतातल्या बुबुळ मऊ पडण्याच्या रोगावर लिहिलं. नीलगिरीतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅक्कॅरिसन हे लष्करी हुद्द्याचे डॉक्टर भारतीय आहारावर प्रयोग करत होते. त्यांच्या पश्चात १९३५ पासून वॉलेस आयक्रॉइड यांनी ती प्रयोगशाळा चालवली. कोणत्या भारतीय धान्यात, भाजीत, फळात काय किती आहे, याची पहिली मोठी मोजणी तिथे झाली. तीच संस्था १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली.

स्वातंत्र्यानंतर या संस्थेचे संचालक डॉ. सी. गोपालन यांच्या काळात एक साधी गोष्ट पुढे आली. अ जीवनसत्त्व यकृतात साठतं. मग मुलाला सहा महिन्यांतून एकदा मोठा डोस चमच्याने पाजला तर? हैदराबादच्या आसपासच्या खेड्यांत तो करून पाहिला, उपयोग दिसला, आणि १९७० मध्ये देशभराचा कार्यक्रम सुरू झाला. आजही तो चालतो. नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर पहिला डोस, एक लाख एककांचा. मग दर सहा महिन्यांनी दोन लाख एककं, पाच वर्षं होईपर्यंत. एकूण नऊ डोस. गोवराशी जोड का, तर गोवर झाला की मुलाचा आधीच तुटपुंजा साठा झपाट्याने संपतो. आपल्याकडे गोवरानंतर डोळे गेलेली मुलं जुन्या पिढीने पाहिली आहेत, ती यामुळेच.

इथे तमिळनाडूतल्या मदुराईच्या एका डॉक्टरचं नाव घेतलं पाहिजे. डॉ. जी. वेंकटस्वामी. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस सैन्याच्या वैद्यकीय सेवेत गेले. संधिवाताने बोटं वाकडी झाली, नोकरी सोडावी लागली. त्याच बोटांनी ते पुढे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया शिकले, आणि निवृत्तीनंतर १९७६ मध्ये अकरा खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. आज ते मोतीबिंदूसाठी जगभर ओळखलं जातं. पण याच संस्थेच्या डॉक्टरांनी मुलांच्या आहारावरही मोठं काम केलं. त्रिची जिल्ह्यात पंधरा हजारांहून जास्त मुलांवर त्यांनी वर्षभर अभ्यास केला. सहा महिन्यांतून एकदा मोठा डोस देण्याऐवजी त्यांनी दर आठवड्याला लहान डोस दिला, साधारण आठवडाभराच्या चांगल्या जेवणातून मिळेल तेवढाच. १९९० मध्ये निष्कर्ष छापून आला. ज्या मुलांना तो मिळाला त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण ५४ टक्क्यांनी कमी होतं. नीट ऐका, आंधळेपणाचं नाही, मृत्यूचं. अ जीवनसत्त्व फक्त डोळ्यांचं नाही, श्वासनलिका आणि आतड्यांची अस्तरंही त्यावर टिकतात. डोळ्यात दिसणारी कोरड ही शरीरभर पसरलेल्या उणिवेची खिडकी आहे. त्याआधी १९८६ मध्ये इंडोनेशियात आल्फ्रेड सॉमर यांनीही असाच निष्कर्ष मांडला होता.

सगळीकडे असंच दिसलं का? नाही, तेही सांगायला हवं. त्याच वर्षी हैदराबादजवळच्या अभ्यासात सहामाही डोसाने मृत्यूंत फरक दिसला नाही. उत्तर प्रदेशात दहा लाख मुलांवर झालेल्या अभ्यासात फरक फारच थोडा निघाला. खुद्द गोपालन यांनी उतारवयात प्रश्न विचारला, की आता बुबुळ फुटण्याचे रोगी दुर्मिळ झालेत, गोवराची लस आहे, मग सरसकट मोठे डोस किती काळ द्यायचे? मुलांच्या ताटात भाजी कधी येणार? औषधाचा चमचा ही तात्पुरती कुमक आहे, कायमची रसद नव्हे, असा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ. मला तो बरोबर वाटतो. मात्र जोवर सरकारी कार्यक्रमात डोस आहे, तोवर आपल्या मुलाचा डोस चुकवू नका. हा वाद तज्ज्ञांनी सोडवायचा आहे, आपल्या नातवाच्या डोळ्यांवर नाही.

मग ताटात काय हवं? यासाठी महागडं काहीच लागत नाही. शेवग्याची पानं घ्या. महाराष्ट्रात आपण शेंगा खातो आणि पाला बऱ्याचदा टाकून देतो. तमिळनाडूत मुरुंगईचा पाला रोजच्या जेवणात असतो. मेथी, पालक, अळू, राजगिऱ्याची भाजी, चवळीचा पाला, लाल भोपळा, पपई, पिकलेला आंबा, आणि हो, गाजर. रताळं नारिंगी गराचं असेल तर उत्तम. आपल्या बाजारातल्या पांढऱ्या रताळ्यात कॅरोटीन जवळपास नसतं. खाणाऱ्यांसाठी अंडं, दूध, लोणी आणि कलेजी. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. कॅरोटीन तेला-तुपाबरोबरच शरीरात मुरतं, म्हणून आपली फोडणीची पालेभाजी ही नुसत्या कच्च्या गाजरापेक्षा जास्त कामाची आहे. दुसरं, तयार अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. ते साठतं, म्हणून जास्त झालं तर विषासारखं काम करतं. गरोदर स्त्रीने तर डॉक्टरला विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नये.

माझ्या वयाच्या श्रोत्यांसाठी शेवटचे दोन शब्द. मोतीबिंदू, काचबिंदू, चष्म्याचा नंबर, मधुमेहाने पडद्यावर होणारा रक्तस्राव, यांतलं काहीही गाजराने बरं होत नाही. वयामुळे पडद्याचा मध्यभाग झिजतो, त्या विकारावर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला. २००१ मध्ये त्याचा निष्कर्ष आला. मध्यम अवस्थेतल्या रोग्यांना ठरावीक जीवनसत्त्वं आणि जस्त दिल्यास रोग वाढण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे पाव हिश्शाने कमी झाला. मोतीबिंदूला मात्र फायदा झाला नाही. आणि त्या गोळीतलं बीटा कॅरोटीन धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढवतं, हे इतर अभ्यासांतून कळल्यावर नंतरच्या सूत्रातून ते काढून टाकलं. म्हणजे जे लहान मुलाचे डोळे वाचवतं, तेच गोळीच्या रूपात एखाद्या सिगारेट ओढणाऱ्या आजोबांना घातक ठरू शकतं. अन्न आणि औषध यांत हा फरक आहे. तेव्हा साठी ओलांडली की साखर आणि रक्तदाब आवरा, वर्षातून एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन पडदा तपासून घ्या, आणि जाहिरातीतल्या 'नजर वाढवणाऱ्या' पुडीवर पैसे घालवू नका. सुदृढ डोळ्याची नजर कुठल्याच अन्नाने वाढत नाही. अन्न एवढंच करतं की जी आहे ती जाऊ देत नाही.

आणि हे 'एवढंच' फार मोठं आहे. डेन्मार्कमधल्या गरिबाच्या मुलाला लोणी मिळालं तेव्हा त्याचे डोळे वाचले, त्रिचीच्या खेड्यातल्या मुलाला आठवड्याला काही थेंब मिळाले तेव्हा त्याचा जीव वाचला. दोन्हीकडे ज्ञान आधीपासून होतं, वस्तू आधीपासून होती. कमी होता तो शेवटचा टप्पा, कोठारापासून ताटापर्यंतचा. तो टप्पा सरकार, अंगणवाडीताई आणि आशाताई मिळून चालतात, पण आपणही चालू शकतो. तुमच्या सोसायटीच्या नव्या इमारतीवर काम करणाऱ्या मजुरांची मुलं असतील. ती आज या गावात, उद्या त्या गावात. त्यांची डोसांची यादी बहुधा अर्धीच राहते. त्यांच्या आईला विचारा, दिवेलागणीला मूल अडखळतं का, खाली पडलेली वस्तू चाचपडत शोधतं का. हो म्हणाली, तर त्याच दिवशी जवळच्या आरोग्य केंद्रात घेऊन जा. त्या अवस्थेत डोळा पूर्ण वाचतो. आठवडा, दोन आठवडे गेले, तर कदाचित नाही.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.